बटाट्यांना भर

आज बटाट्यांना पुन्हा भर दिली. रोपं वीतभर वर आली की बुंध्याशी माती ओढायची आणि शेंडा तेवढा उघडा ठेवायचा. एवढंच काम, पण बागेतल्या सगळ्या कामांत मला हेच आवडतं. चांगलं तरारलेलं रोप गळ्यापर्यंत पुरायला सुरुवातीला हात धजत नाही. वांग्याला असं कुणी करणार नाही. बटाट्याला मात्र तेच हवं असतं, कारण बटाटा मुळांना धरतच नाही. मातीखाली गेलेल्या खोडाच्या पेरांतून आडवे फुटवे निघतात आणि त्यांची टोकं फुगत जातात. ते बहुतेक लावलेल्या बेण्याच्या वरच्या अंगाला येतात, म्हणून माती वर चढवत राहायची.

एका ठिकाणी खुरपं जरा आत गेलं आणि असा एक फुटवा दिसला. पांढरा, बारीक, शेंड्याशी किंचित वळलेला, आणि तिथेच वाटाण्याएवढी गाठ. साल इतकी कोवळी की नखानेही निघाली असती. लगेच झाकून टाकला. उघडा राहिलेला बटाटा उजेडाने हिरवा पडतो. नुसत्या हिरव्या रंगाने काही बिघडत नाही, तो हरितद्रव्याचा. पण त्याच उजेडात सोलॅनिनही वाढतं. ते कडू, विषारी, आणि उकडूनही फारसं जात नाही.

कुंपणाकडची रोपं यंदा भलतीच माजली आहेत. येणारा-जाणारा त्यांचंच कौतुक करतो आणि मला नेमकी तीच खटकतात! नत्र जास्त मिळालं की झाड पाला वाढवत बसतं, बटाटे धरायचं पुढे ढकलतं. त्यात उन्हाळा लवकर लागला तर संपलंच. माती ३० अंशांच्या आसपास तापली की बटाटे धरणं जवळपास थांबतं. बाकीच्या वाफ्यातली किरकोळ दिसणारी झाडं मला जास्त भरवशाची वाटतात.

फुलं अजून नाहीत. न आली तरी चालेल, खाली बटाटे धरायला त्यांची गरज नसते. पाला पिवळा पडून माना टाकेपर्यंत उकरायचं नाही, आणि त्यानंतरही दहा-पंधरा दिवस तसेच राहू द्यायचे, म्हणजे साल पक्की होते. मधेच चार कोवळे हवेसे वाटले तर कडेने हात घालून चाचपून काढता येतात.

उद्या सकाळी पाणी, तेही सरीतूनच. पानं ओली राहिली की करपा आलाच म्हणून समजा.