पैलवान केजमध्ये उतरायला तयार झाला का? पावसाळा ते दिवाळीची नोंद

मी पुण्यात एमएमए शिकवतो, म्हणजे जाळीच्या रिंगणात, केजमध्ये, ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणारी लढत. संध्याकाळच्या बॅचमधल्या एका कोल्हापूरकडच्या पोराची ही नोंद. नाव लिहीत नाही, जिममध्ये त्याला सगळे पैलवानच म्हणतात. वय २३, लहानपणापासून लाल मातीत घोळलेला. नोकरीसाठी पुण्यात आला आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, फाईट कधी?"

सहा महिने झाले की उतरवा, नाहीतर वर्षभर थांबवा, असे हिशोब सगळीकडे ऐकू येतात. मला ते पटत नाहीत. नवशिक्या तयार आहे की नाही हे महिन्यांवरून कळत नाही आणि तो जिममध्ये कुणाला लोळवतो यावरूनही कळत नाही. त्याचं सगळं बिनसलं की पुढच्या वीस सेकंदांत तो काय करतो, ते बघायचं. पैलवानाच्या बाबतीत मी तेवढंच लिहून ठेवत गेलो.

आधी लढत कसली, ते सांगतो. आयएमएमएएफ या आंतरराष्ट्रीय हौशी एमएमए संघटनेच्या नियमांनी अमॅच्युअर, म्हणजे हौशी लढत म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. कोपर मारायचं नाही, डोक्यावर गुडघा नाही, हील हूक, म्हणजे टाच पिळून गुडघ्यावर ताण देणं, नाही. शिनगार्ड (नडगीवरचं कवच), रॅशगार्ड (अंगाला घट्ट बसणारा शर्ट) आणि व्यावसायिक लढतीतल्या चार औंसांपेक्षा जाड ग्लोव्हज. पण आपल्याकडे नुसतं "अमॅच्युअर" लिहिलंय म्हणून हेच नियम असतील असं धरून चालू नका. आयोजक बदलला की नियम बदलतात. नियमावली हातात घेऊन, वाचून, मगच हो म्हणायचं.

पावसाळा : पट आणि मान

त्याचा दुहेरी पट, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडणं, बघण्यासारखा आहे. खडाखडीत मनगट झटकतो, समोरच्याचं वजन पुढच्या पायावर आलं की आत शिरतो आणि उचलूनच आपटतो. बॉक्सिंगमधून आलेल्या पोरांना काय झालं तेच कळत नाही. बघणाऱ्याला वाटावं, याला उद्याच उतरवा.

मग आमच्या जिउ-जित्सूतल्या एका निळ्या पट्ट्याच्या मुलानं त्याला पट काढू दिला. पडता पडता मानेभोवती हात घातला, पायांनी कंबर कवटाळली आणि गिलोटिन, म्हणजे समोरून गळ्याचा फास, आवळला. कुस्तीत खाली गेलेली मान चालून जाते, कारण तिथे गळा आवळायला परवानगीच नाही. इथे तीच मान थेट समोरच्याच्या काखेत जाते. पैलवानानं टॅप केलं नाही, म्हणजे हार मानल्याची थाप मारली नाही. चेहरा जांभळा झाला, मीच सोडवलं. विचारलं तर म्हणाला, "मान काढतोच होतो." नीट बसलेला चोक, म्हणजे गळ्याचा फास, दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध घालवतो, तिथे ताकद लावायला वेळच उरत नाही.

हे त्याच्या एकट्याचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसी या एमएमएच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत उतरलेला भरत कंदारे कुस्तीतूनच आलेला होता. सोंग यादोंगनं त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये पकडलं. कुस्तीतलीच ऋतू फोगाट डिसेंबर २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेच्या ग्रां प्रीच्या अंतिम लढतीत स्टॅम्प फेअरटेक्सच्या आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या डावात, सापडली. इतक्या वरच्या पातळीवर हे होतं, तर आपल्या पोरांनी पट पक्का करताना अशा डावांतून सुटण्याचं, त्यातही मानेचं काम आधी करायला हवं.

पावसाळाभर तेच केलं. पट काढताना कपाळ समोरच्याच्या छातीला, नजर वर, पाठ सरळ. मान अडकलीच तर दोन्ही हात आधी त्याच्या मनगटावर, आणि ज्या काखेत डोकं अडकलंय त्याच्या उलट बाजूला सरकत खांद्यानं दाबायचं. शिवाय वेळेत टॅप करायचा सराव, अगदी वेगळा डाव शिकवावा तसा. चोक अर्धा बसला असताना "आता सुटतोय की नाही" हे तोंडानं सांगायचं, नाही म्हणालास तर टॅप. त्याला हे कमीपणाचं वाटायचं. जो वेळेत टॅप करत नाही त्याला मी लढत देत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

मान सुधारली, पण त्याहून चिवट सवय दुसरीच निघाली. खाली पडला की तो पोटावर वळतो. वर्षानुवर्षांची शिकवण आहे ती, पाठ टेकली की कुस्ती गेली. केजमध्ये पोटावर वळणं म्हणजे पाठ देणं, आणि पाठ दिली की मागून गळा. डोक्याला कळलेलं असतं, अंगाला कळायला फार वेळ लागतो. त्याला मुद्दाम पाठीवरच झोपवून फेऱ्या सुरू केल्या. कोपर बरगडीला, एक हात गळ्यापाशी, कंबर बाहेर, मग उठणं.

गणपती : डोळे उघडे

ठोशांची भीती कुणालाही असते, पैलवानालाही होती. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आला की डोळे मिटायचे, मान वळायची आणि दुसऱ्या ठोशाला थेट पाठच. पाठ फिरवणारा मुलगा कितीही ताकदीचा असो, तयार नाही. यावर माझ्याकडे तडजोड नाही. जो नीट बचाव करत नाही त्याची लढत रेफरी थांबवतो, आणि थांबवेपर्यंतच्या त्या दोन-तीन सेकंदांत डोक्याला बसायचं ते बसतं.

म्हणून सोळा औंसांचे ग्लोव्हज आणि नुसता स्पर्श. समोरचा कपाळाला हलकेच जॅब लावणार, पैलवानानं डोळे उघडे ठेवून डावा की उजवा ते बोलायचं. बाप्पाच्या दहा दिवसांत निम्मी बॅच मंडपात होती, त्यामुळे त्याला रोज एकट्याला वेळ देता आला. विसर्जनानंतर पहिल्यांदा दिसलं की ठोसा बसल्यावर हात वर जातायत आणि पाय सरकतायत. हनुवटी अजून उचलली जाते.

हेडगार्डबद्दल नव्या मुलांच्या पालकांना मी दरवेळी सांगतो, ते इथेही लिहितो. त्यानं भुवई फाटणं कमी होतं, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. पुरुषांच्या अमॅच्युअर बॉक्सिंगमधून २०१३ साली हेडगार्ड काढला गेला आणि रिओ ऑलिंपिकला पुरुष त्याशिवायच खेळले. तेव्हा हेडगार्ड घातला म्हणून जोरात मारा, हे आमच्याकडे चालत नाही. स्पारिंगनंतर, म्हणजे सरावाच्या लढतीनंतर, डोकं दुखलं, मळमळलं, उजेड सहन होईना, की डॉक्टर, आणि लक्षणं पूर्ण जाईपर्यंत मारामारी बंद. मग हळूहळू एकेक पायरी वर.

याच सुमाराला त्याच्या वडिलांचा फोन आला. तेही जुने पैलवान. म्हणाले, "वस्ताद, कान तुटला तर तुटू दे, आमचं बी तुटल्यात. डोस्क्याला काय हुणार न्हाई न्हवं?" काही होणार नाही असा शब्द मी दिला नाही, तो कुणीच देऊ नये. आठवड्याला जोराचं स्पारिंग किती, डॉक्टर कोण, लढतीवेळी कॉर्नरला सांभाळायला कोण, हे सगळं सांगितलं. "पोरगं थांबायचं न्हाई, तुमीच थांबवा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. ती जबाबदारी आता माझी आहे.

नवरात्र : तिसरी फेरी

जोर-बैठकांवर वाढलेल्या माणसाचा दम कसा संपेल? पण संपतो. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, आणि तिथे कुणी तोंडावर मारत नाही. पैलवान घाबरला की आवळून धरायचा, श्वास रोखायचा, आणि दुसऱ्या फेरीत दंड दगड होऊन हात खाली यायचे.

आमची कसोटी साधी आहे. तीन फेऱ्या, दर फेरीला ताजा जोडीदार. पहिला ठोसे मारणारा, दुसरा जमिनीवरचा, तिसरा त्याच्यापेक्षा जड आणि सुरुवात भिंतीला दाबून. कोण जिंकलं याची नोंद मी घेत नाही. तिसऱ्या फेरीत पैलवान खाली गेला, वरून ठोसे सुरू झाले. पोटावर वळला नाही. कोपरं आत घेतली, एक श्वास सोडलेला मला बाहेर ऐकू आला, सरकत सरकत भिंतीला पाठ लावली, आणि एक हात मॅटवर टेकून उभा राहिला. नंतरचा पट फसला, तरी माझ्या वहीत त्या दिवशी पहिल्यांदा "हो" लिहिलं गेलं.

दिवाळीनंतर : वजन, जोडी, कागद

त्याचं रोजचं वजन ७६ किलो. गावाकडच्या मित्रांनी डोक्यात भरवलं होतं की ६५.८ किलोच्या गटात उतर, सगळे बारीक भेटतील. पहिल्या लढतीला पाणी तोडून वजन उतरवायचं नाही, हा आमचा नियम. लढतीच्या दिवशी सकाळीच वजन घेतलं, तर सुकलेलं अंग भरून यायला वेळच मिळत नाही, आणि सुकलेल्या अंगानं डोक्यावर मार खाणं धोक्याचं. ७७.१ किलोच्या गटात लढेल, तूप-बदाम सोडायची गरज नाही.

जोडीबद्दल मी फार चिकित्सा करतो. समोरचाही पदार्पण करतोय म्हणजे तो नवशिका आहे असं नाही. एमएमएत शून्य लढती आणि बॉक्सिंगमध्ये ढीगभर, असं सर्रास असतं. नाव कळलं की कुठून आला, काय खेळलाय ते विचारायचं, आणि पटलं नाही तर नाही म्हणायचं. आयोजक नाराज झाले तर होऊ देत.

ठरलंय ते असं. आधी पांढऱ्या पट्ट्याची, म्हणजे नवशिक्यांची, एक ग्रॅपलिंग (ठोसे नसलेली, नुसत्या पकडीची) स्पर्धा, मग ओळखीच्या जिमबरोबर बंद दारामागची लढत, आयएमएमएएफच्याच नियमांनी, शिनगार्डसकट. ती नीट झाली तर खरी लढत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्ततपासण्या आणि डोळे दाखवणं या महिन्यात उरकतोय, स्पर्धेत मागोत न मागोत.

राहिलंय ते पायाचं. कुस्तीची ठेवण खाली वाकलेली, सगळं वजन पुढच्या पायावर, त्यामुळे पोटरीवर किक आली की तो पाय उचलूच शकत नाही. उभं करून ठेवलं तर किक अडवतो, पण पट जातो. दोन्ही सांभाळणारी ठेवण अजून सापडलेली नाही. सध्या जॅब, पाय उचलणं आणि लगेच एकेरी पट, एवढं एकच चक्र फिरवतोय. तुमच्याकडे तालमीतून आलेली पोरं असतील तर हे कसं बसवलंत, ते जरूर सांगा.