तुम्ही विचारलंत म्हणून : मराठवाड्यातून मोठी कंपनी कधी निघणार?

नव्या कंपन्या, टेक्नॉलॉजी, अर्थकारण यांवर मी लिहितो हे कळलं की लोक हा प्रश्न विचारतातच. जालना, परभणी, बीड, कुठंही जा. २०२१च्या डिसेंबरात 'शार्क टँक' आपल्याकडे सुरू झालं तेव्हापासून त्याला शेपूटही जोडलं जातं : "लेकरू म्हणतंय स्टार्टअप काढतो. व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत, किती धरावं?"

माझं उत्तर असं, की मोठ्या कंपन्या इथून केव्हाच निघाल्यात. बदरीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली. संकरित बियाणं हे त्या काळातलं नवं तंत्रज्ञानच होतं, आणि त्या कामासाठी १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १९८५ साली संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना आला. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी अ‍ॅल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या (वितळलेला धातू साच्यात दाबून पार्ट काढायच्या) दोन मशीनवर काम सुरू केलं. तीच आजची एन्ड्युरन्स, गाड्यांचे पार्ट बनवणारी. त्यांचे जुळे भाऊ तरंग जैन यांची व्हॅरॉकही वाळूजचीच. एक २०१६ साली शेअर बाजारात आली, दुसरी २०१८ साली. दोघे राहुल बजाज यांचे भाचे, त्यामुळे पहिलं दार सहज उघडलं असेल. पण मापात न बसणारा पार्ट नात्याखातर वर्षानुवर्षं कुणी घेत नाही. ही नावं आपल्या मुलांना माहीत नाहीत, कारण गाडीवर नाव दुसऱ्याचं असतं आणि यांचा माल आत असतो : ब्रेक, शॉकअप, कास्टिंग.

ज्याचं नाव घरोघरी होतं त्या व्हिडिओकॉनचं काय झालं, तेही पाहिलंय. चितेगावच्या कारखान्यावर या भागातली कितीतरी घरं उभी राहिली. पुढे कंपनी कर्ज काढून तेलात गेली, मोबाइल सेवेत गेली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, त्यात यांचेही होते. २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या लवादाकडे गेलं. टीव्ही, वॉशिंग मशीन उत्तम बनवता येत होतं, तरी कंपनी बुडाली. त्या कामगारांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मी व्हॅल्युएशनपेक्षा वाळूजच्या गल्ल्यांमधले छोटे शॉप जास्त बघतो. माझ्या ओळखीचे एक जण तिथे गिअरचे आणि क्लचचे पार्ट जॉबवर्कवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरप्रमाणे, करतात. पत्र्याची शेड, दोन सीएनसी, एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं. ऑपरेटर पार्ट काढतो, एअरगनने फुंकतो, माप तपासायचं गो-नो गो गेज लावतो. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं की पार्ट बाद, लाल ट्रेमध्ये. दिवसभर हेच. काम पक्कं, रिजेक्शन नगण्य, पीओ (लेखी ऑर्डर) हातात. तरी मालक दर महिन्याच्या सात तारखेला अस्वस्थ असतात. पगार द्यायचा असतो, सीसी लिमिट (बँकेची उचल मर्यादा) संपलेली असते आणि पार्टीकडचं, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीकडचं, बिल तीन-तीन महिने पास होत नाही. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, असं २००६चा कायदा सांगतो. आता तर बिल वेळेत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या पार्टीला आयकरात त्याची वजावटही मिळत नाही. पण कायदा दाखवून पैसे मागितले तर पुढची पीओ येईल का, ही भीती असतेच. मराठवाड्यात कंपन्या वाढत नाहीत त्यामागे माझ्या मते कल्पनांची टंचाई नाही. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हातात पडत नाहीत, हे खरं दुखणं आहे.

त्यात आता गाडीच बदलते आहे. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारी बंगळूरची एथर संभाजीनगरजवळच्या बिडकीनला वर्षाला दहा लाख स्कूटर बनवण्याचा कारखाना उभारणार, हे २०२४ साली जाहीर झालं. २०२५ साली ही कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तोट्यातच होती. तो तोटा सोसायला गुंतवणूकदार होते. मला त्यात गैर काही दिसत नाही, नवं तंत्र उभं राहायला असा पैसा लागतोच. पण बॅटरीच्या स्कूटरला पिस्टन नको, सायलेन्सर नको, क्लच नको. ब्रेक, शॉकअप, दिवे, सीट लागणारच, म्हणजे काहींचं निभेल. क्लचचे पार्ट करणाऱ्या आमच्या मालकांना मात्र नवे जिग-फिक्स्चर (पार्ट धरून ठेवायचे साचे) करावे लागतील, मोटरच्या हाउसिंगचं, म्हणजे बाहेरच्या कवचाचं, मशीनिंग शिकावं लागेल, आणि ते करताना दोन वर्षं तोटा सोसायला त्यांच्यामागे कुणी नाही. बँक विचारते, तारण काय? त्यांच्याकडे गहाण ठेवायला राहतं घर आहे, आणि ते आधीच ठेवलंय. बिडकीनला येणाऱ्या कंपनीला जमीन, वीज, सवलत देताना सरकारने या जुन्या व्हेंडरांसाठीही स्वस्त भांडवल बाजूला काढावं, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो.

राहता राहिलं लेकरू. त्याला स्टार्टअप जरूर काढू द्या. त्याआधी संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेत एखादा कोर्स करू द्या, आणि मग वाळूजच्या एखाद्या शॉपमध्ये वर्षभर नोकरी. मशीनवर तर बसू द्याच, पण बिलं घेऊन पार्टीच्या अकाउंट्स खात्यातही त्याला पाठवायला सांगा.