चाळीस सांगू का वीस?

लेखक येणार असला की आमच्या पुस्तकवाल्या काकांना एकच टेन्शन असतं. माइक चालेल का, लाइट जाईल का, लेखकाची गाडी वेळेत सांगलीत पोचेल का, हे सगळं नंतरचं. आधी खुर्च्या. मांडववाल्याला फोन लावतात, हाताने फोन झाकतात आणि माझ्याकडं बघून विचारतात, "चाळीस सांगू का वीस?" मी दरवेळी चाळीस म्हणतो आणि दरवेळी चौदा माणसं येतात, त्यातली दोन काकांच्या घरातली.

पहिल्या कार्यक्रमाला खरंच चाळीस मांडल्या होत्या. पुण्याहून कवी आलेले, बिचारे पाऊण तास निळ्या प्लास्टिकला कविता ऐकवत होते. त्यात आमच्याकडं पहिल्या रांगेत बसायचं म्हणजे कायतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं लोकांना. "पुढं या की" म्हटलं तर "नको, हितंच बरं हाय, मला लवकर निघायचंय", आणि हाच माणूस चहा होईपर्यंत हलत नाही.

तेव्हापासून आम्ही एक युक्ती काढलीय. बाराच मांडायच्या, बाकीची चळत आत दहावीच्या गाइडच्या गठ्ठ्यांमागं. तेरावा माणूस दारात दिसला की मी धावत जाऊन खुर्ची ओढत आणायची, मुद्दाम आवाज करत. लेखकाला वाटतं गर्दी वाढत चाललीय, तो जरा ताठ बसतो, आवाज चढतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात सीतास्वयंवराचा खेळ केला त्या गावात एवढं नेपथ्य तर जमायलाच पाहिजे.

दुकानाच्या मालकीची बसायची वस्तू म्हणाल तर एकच, लाकडी स्टूल. ते पण बसायला नाही, चढायला. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा दुकानातले खालचे चार कप्पे गेले, फुगलेली पुस्तकं कपाटातून निघेनात, शेवटी फळ्याच कापाव्या लागल्या. त्यानंतर काकांनी कादंबऱ्या सगळ्यात वर नेल्या आणि खाली वह्या, गाइड, कंपासपेट्या. "पाणी आलं तर भूमितीला येऊ दे" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं आमच्याकडं साहित्य वाचायचं तर आधी स्टुलावर चढावं लागतं, आणि साठीच्या पुढची गिऱ्हाइकं खालूनच बोट दाखवून मला चढवतात.

पण खरी गंमत महिन्याच्या शेवटच्या रविवारी. बुक क्लब हा शब्द आमच्यात कुणी वापरत नाही, पुस्तक भिशी म्हणतात. अकरा जण, प्रत्येकी 200 रुपये, चिठ्ठी निघेल त्याने जमलेल्या 2200 ची पुस्तकं याच दुकानातनं घ्यायची आणि ती मग फिरत राहतात. (परत न येणारी पुस्तकं कुणाकडं अडकतात ते सगळ्यांना माहितीय, पण त्यांच्याकडचा चिवडा चांगला असतो म्हणून कुणी बोलत नाही.) अकरा माणसांसाठी खुर्च्या कोण भाड्यानं आणणार, म्हणून गणपती मंडळाची सतरंजी, मधे पेपरवर भडंग आणि भोवती आम्ही.

आता हे मी बरेच महिने बघतोय. तीच माणसं, तेच दुकान, पण खुर्चीवर वेगळी आणि सतरंजीवर वेगळी. आमच्यात एक रिटायर सर आहेत. खुर्चीवर बसलेले असताना त्यांना प्रश्न विचारायचा नसतोच, "दोन शब्द" बोलायचे असतात, ते संक्रांतीच्या औदुंबरच्या संमेलनापासनं सुरू होतात, मग 2008 ला सांगलीत अखिल भारतीय संमेलन भरलं आणि हातकणंगलेकर सर अध्यक्ष होते इथं येतात, आणि मग लेखकाचं अभिनंदन करून खाली बसतात. प्रश्न राहूनच जातो. हेच सर सतरंजीवर मांडी घालून भडंगातले शेंगदाणे वेचत एका ओळीत विचारतात, "पण ती परत सासरी गेलीच का?" आणि तिथनं जी भांडणं लागतात ती शटर ओढेपर्यंत. ज्याची चिठ्ठी असते त्याची तर धुलाईच. तुमच्या पैशाचं असलं तरी आमचा महिना गेला की!

गेल्या पावसाळ्यात एक लेखिका येणार होत्या, कादंबरीवर बोलायला. काकांनी वीस सांगितल्या (माझ्यावरचा विश्वास उडालाय). पाच वाजले, साडेपाच वाजले, खुर्च्यांचा टेम्पो काही येईना, फोन केला तर म्हणे दुसरीकडं बारसं होतं, खुर्च्या तिकडंच अडकल्या. काका घामाघूम. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, मग खाली बसू की." सतरंजी पसरली, बाई सुद्धा खालीच, पाठ गाइडच्या गठ्ठ्याला.

दहा मिनिटं सगळे नीट वागले. मग कुणीतरी भडंग काढला आणि आमच्यातल्या एक ताई, ज्या एरवी आभाराशिवाय बोलत नाहीत, सरळ म्हणाल्या, "मधली पन्नास पानं मी गाळली बघा, कंटाळा आला." मी सतरंजीच्या दशा मोजायला लागलो. बाईंनी विचारलं, कुठली पन्नास? ताईंनी पान काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, ती पानं मी वडील दवाखान्यात होते तेव्हा लिहिली, मलाच आता वाचवत नाहीत. मग ताई म्हणाल्या थांबा, आता वाचते, आणि तिथंच वाचायला बसल्या. बाकीचे सासरी जाण्यावर भांडत होते, बाईंच्या समोरच, बाईंना मधे बोलायलाच मिळेना. सर "दोन शब्द" म्हणालेच नाहीत.

आठला बाई उठायला गेल्या तर गुडघा धरलेला. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं काकू, आणि काकांनी घाईघाईनं स्टूल पुढं केलं. त्यावर बसून त्यांनी सह्या केल्या. पुस्तकं खपली पाच. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या तेव्हाही पाचच खपली होती, मी काकांना तसं म्हणालो पण. ते गल्ला मोजत होते, म्हणाले, "व्हय, पण आज खुर्च्यांचं भाडं वाचलं." तेवढ्यात बाहेर टेम्पो येऊन थांबला.