सव्वा मूठ

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. अमळनेर.

नागपंचमी मंगळवारी झाली, म्हणजे उद्याच्या रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा सण. दिवसभर भांडी घासून कंबर गेली, तरी झोप येईना. मग ग्रेटा गर्विगचा 'लेडी बर्ड' पुन्हा लावला. सिनेमा २०१७ चा, गोष्ट २००२ मधली, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची. कॅथलिक शाळेतली पोरगी, क्रिस्टीन. घरचं नाव टाकून स्वतःच 'लेडी बर्ड' झालेली. चर्चच्या प्रसादाच्या चकत्या ती आणि मैत्रीण भिंतीला पाय लावून कुरुमकुरुम खातात. अजून मंतरलेल्या नाहीत म्हणे!

इथे मी सिनेमा थांबवला.

दहावीत मी यापेक्षा वाईट केलं होतं. कानबाईचा रोट, म्हणजे तिचा गव्हाचा नैवेद्य, भाऊबंदकीबाहेर जात नाही, पौर्णिमेच्या आत आपणच संपवायचा. मी तो डब्यातून शाळेत नेला आणि मैत्रिणीला खाऊ घातला. (तिला आवडला नाही, ते वेगळं.) घरी कळलं. आजी ओरडली नाही, दोन दिवस बोललीच नाही. सिनेमातल्या ननच्या गाडीला पोरी 'नुकतंच येशूशी लग्न झालंय' अशी पाटी लावतात, तर ती हसते. नुकतं कुठलं, चाळीस वर्षं झाली, म्हणते. आमच्या आजीकडे असलं हसू नव्हतं.

देवीशी माझं भांडण नव्हतंच. राग मुठीचा होता. आमच्याकडे रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजतात, प्रत्येकाची सव्वा मूठ. काकांचं पोरगं तेव्हा पाळण्यात, तरी त्याची सव्वा मूठ. मी एवढी घोडी समोर उभी, माझं काहीच नाही. विचारलं तर आजी म्हणे, "पोरीस्नी मूठ नही ऱ्हास."

लेडी बर्ड शेवटी न्यूयॉर्कला जाते, रविवारी आपल्या पायांनी चर्चमध्ये शिरते, आणि घरी फोनवर नाव सांगते ते क्रिस्टीन. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चिडले होते, एवढा तमाशा करून परत तिथेच? आज नाही चिडले.

आजीला जाऊन चार वर्षं झाली. आता गहू आई मोजते. सकाळी मी एकेक नाव घेत होते, ती मूठ टाकत होती. नावं संपली तशी मी माझं घेतलं. आईने मान वर केली नाही. हात पोत्यात गेला, मूठ भरून आला. मग पुन्हा गेला, थोडेसे दाणे घ्यायला.