न उमटलेली रेघ

जानेवारीतला मंगळवार. दुपारी सव्वातीनच्या सुमारास ईएनटीची रेसिडेंट स्वतः स्वॅब घेऊन लॅबमध्ये आली. घशाचा स्वॅब एरवी वॉर्डबॉयबरोबर येतो, तोही संध्याकाळी, निम्मा वाळलेला. ती धापा टाकत म्हणाली, ‘‘मॅडम, सहा वर्षांची मुलगी आहे, ऊसतोडीच्या टोळीतली. ताप शनिवारपासून. टॉन्सिलवर राखाडी पडदा आहे, टोकाला हात लावला तर रक्त येतंय. मान बैलासारखी सुजलीय.’’ दोन स्वॅब आणले होते, एक स्लाइडसाठी आणि एक कल्चरसाठी. एवढं भान ठेवणारे रेसिडेंट फार थोडे असतात.

आल्बर्ट स्टेन, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, मी अजूनही स्वतः करते. हिरव्या, बारीक काड्या, त्यांच्या टोकांना निळसर काळे ठिपके आणि काड्यांची मांडणी व्ही, एल अशा अक्षरांसारखी. पण घशात राहणारे डिफ्थेरॉइड्स नावाचे निरुपद्रवी जंतूही थोडेफार असेच दिसतात, म्हणून नुसत्या स्लाइडवर कुणी घटसर्प म्हणू नये. त्या दिवशी मात्र ठिपके इतके ठळक होते की मी बालरोग विभागाला फोन लावला. तिकडच्या सरांनी माझ्या फोनची वाट पाहिली नव्हती. पडदा पाहूनच त्यांनी सीरम, म्हणजे जंतूच्या विषावरचं अँटीटॉक्सिन, मागवलं होतं, आणि घटसर्पात तसंच करायचं असतं. विष एकदा पेशीत शिरलं की सीरम त्याला बाहेर काढू शकत नाही, त्यामुळे इथे तासांचा हिशेब असतो. आमच्या औषधभांडारात एकही वायल नव्हती. शेजारच्या जिल्ह्यातून अँब्युलन्सने वायल आल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. टेस्ट डोस देऊन मग ८०,००० युनिट लावले. घोड्याच्या रक्तापासून बनणारं हे सीरम फायद्याचा धंदा नाही, म्हणून ते दुर्मीळ होत चाललंय. एखादं मूल दगावलं की आठवडाभर सगळे त्याच्याबद्दल बोलतात आणि पुढच्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत सीरमचं नाव पुन्हा नसतं.

बुधवारी लोफलर सीरम स्लोपवर (जंतू वाढवायच्या नळीत) वाढ दिसली, गुरुवारी टेल्युराइटच्या प्लेटवर जंतूंच्या राखाडी काळ्या वसाहती. ओळख पटली. आता प्रश्न एकच उरला होता: हा जंतू विष करतो का?

बाहेरच्यांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटतो. घटसर्पाचा जंतू म्हटल्यावर विष आलंच, असं नसतं. जंतू घशातच बसून राहतो आणि मरण मात्र हृदयात, नसांमध्ये पोचतं. हे काम विषाचं आहे हे रू आणि येर्सिन यांनी १८८८ मध्ये पॅरिसमध्ये दाखवलं. पण त्या विषाचं जनुक जंतूचं स्वतःचं नाही. जंतूला लागण करणारा एक विषाणू, फेज, ते बरोबर आणतो. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीमन यांनी निरुपद्रवी जंतूंना हा फेज लावला आणि ते विष करू लागले. फेज नसलेला जंतू तुमच्या-आमच्या घशात राहून जाऊही शकतो.

आमच्याकडे ही तपासणी एलेक पद्धतीने होते. प्लेटच्या मधोमध अँटीटॉक्सिनची पट्टी ठेवायची आणि तिला काटकोनात जंतूंच्या रेघा ओढायच्या. विष आगरमधून, म्हणजे प्लेटमधल्या जेलीतून, पसरत निघतं, पट्टीतलं अँटीटॉक्सिनही पसरतं आणि दोघं भेटतात तिथे तिरकी, पांढरी, केसाइतकी बारीक रेघ उमटते. काळ्या कागदावर प्लेट धरून तिरप्या उजेडात पाहावी लागते. पूर्वी याच कामासाठी गिनीपिग मारावे लागत. रुग्णाच्या जंतूबरोबर तीन कंट्रोल, म्हणजे आधीच माहीत असलेले जंतू, लावतात: भरपूर विष करणारा, थोडंसं करणारा आणि अजिबात न करणारा. यातला ‘थोडंसं’वाला सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्लेटची खरी परीक्षा तोच घेतो.

शनिवारी, ४८ तासांनी, मुलीच्या जंतूपुढे रेघ नव्हती. नोंदवहीत कनिष्ठ रेसिडेंटने लिहिलं होतं: पॉझिटिव्ह कंट्रोल (भरपूर विष करणारा) – रेघ आहे. नोंदवहीत तेव्हा रकानाही तेवढाच होता. मी प्लेट हातात घेतली, मुलीच्या जंतूपुढची जागा पाहिली आणि रिपोर्टवर सही केली. टॉक्सिजेनिसिटी (विष करण्याची क्षमता): निगेटिव्ह.

सोमवारी सकाळी बालरोगचे सर ईसीजीचा कागद घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. पी-आर लांबलेला, टी उलटे झालेले, म्हणजे विष हृदयापर्यंत पोचल्याच्या खुणा. ‘‘मॅडम, तुमचा जंतू विष करत नाही. मग हे कशाने झालं?’’ त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दुपारी रेफरन्स लॅबचा पीसीआर आला: टॉक्स जनुक, म्हणजे विषाचं जनुक, आहे.

जनुक आहे पण विष नाही, असे जंतू खरोखर असतात. जनुकात एखादी मोडतोड झाली की पीसीआर पॉझिटिव्ह आणि एलेक निगेटिव्ह येते. हे उत्तर माझ्या सोयीचं होतं. पण त्या उत्तराने ईसीजी सरळ झाला नसता. मी ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायला, जाण्यासाठी बांधून ठेवलेल्या पिशवीतून प्लेट परत काढली. भरपूर विष करणाऱ्याची रेघ होती, पण फिकट. थोडंसं करणाऱ्यापुढे काहीच नव्हतं. शनिवारी मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

आमचे जुने टेक्निशियन काका ३० वर्षं मीडिया, म्हणजे जंतू वाढवायच्या प्लेटमधलं माध्यम, बनवतायत. प्लेट पाहून ते म्हणाले, ‘‘मॅडम, पाणी बघा.’’ काचेच्या डिस्टिलेशन युनिटची कॉइल तीन आठवड्यांपूर्वी गेली होती. नव्या कॉइलचा अर्ज दोन सह्यांसाठी अडला होता. तोवर पाणी येत होतं जुन्या धातूच्या युनिटमधून, ज्याच्या तोटीखाली तांबूस डाग कायमचा बसलाय. काकांनी हे मला तेव्हाच सांगितलं होतं. मी ‘बरं’ म्हणाले होते.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पाठ केलेली एक ओळ आहे: लिटरला ०.१ मिलिग्रॅम लोह असेल तर विष सर्वाधिक, ०.५ झालं तर बंद. १९३० च्या दशकात पॅपनहायमर यांच्या कामातून हे समोर आलं. तोंडी परीक्षेत मी हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आलेय.

यामागची यंत्रणा मला आजही थक्क करते. जंतूकडे डीटीएक्सआर नावाचं प्रथिन असतं. लोह मुबलक असलं की ते या प्रथिनाला चिकटतं, मग ते प्रथिन टॉक्स जनुकाच्या सुरुवातीला जाऊन बसतं आणि जनुक वाचलंच जात नाही. लोह कमी पडलं की प्रथिन सुटतं आणि विष सुरू होतं. जनुक फेजचं, पण त्याचा ताबा जंतूच्या हातात. आपल्या शरीरात मोकळं लोह जवळजवळ नसतंच, ते ट्रान्स्फेरिन, लॅक्टोफेरिन या प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. म्हणजे लोहाचा दुष्काळ ही जंतूसाठी ‘आपण माणसाच्या आत आहोत’ याची खूण. त्याच दुष्काळात तो लोह ओढून आणणारे रेणूही सोडतो, त्यांच्यावरही याच प्रथिनाचा ताबा असतो. आणि जे विष सुटतं ते पेशीचं प्रथिन बनवण्याचं काम थांबवतं. विषाच्या ए नावाच्या भागाचा एक रेणू पेशीत पोचला तरी ती मरू शकते.

मुलीच्या घशात लोह नव्हतं, तिथे तो विष करत होता. आम्ही त्याला लोह असलेल्या प्लेटवर ठेवला आणि विचारलं, तू विष करतोस का? त्याने तिथलं खरं उत्तर दिलं.

मंगळवारी तीन प्लेट लावल्या. पट्टी तीच, अँटीटॉक्सिनचा लॉट तोच. पहिल्या प्लेटला जुन्या युनिटचं पाणी, दुसरीला बायोकेमिस्ट्रीकडून आणलेलं काचेतलं डबल डिस्टिल्ड, तिसरीला तेच डबल डिस्टिल्ड पण फेरिक क्लोराइड, म्हणजे लोहाचा क्षार, घातलेलं. बुधवारी सकाळी दुसरीवर मुलीच्या जंतूची रेघ स्पष्ट होती, थोडंसं करणाऱ्याचीही. तिसरीवर काही नाही. पहिलीवर दुसऱ्या दिवशी काहीतरी होतं, पण ते मला दिसलं आणि काकांना नाही. पाण्यातलं लोह मोजायची सोय आमच्याकडे नाही, तेव्हा जुन्या युनिटने नेमकं किती लोह दिलं ते मी सांगू शकत नाही. आमच्या संशयाइतकी ती तिसरी प्लेट मात्र बोलली.

सुधारित रिपोर्ट बुधवारीच गेला. मुलीच्या उपचारांत माझ्या चुकीने काही बदललं नाही, कारण बालरोगच्या सरांनी माझ्या कागदापेक्षा तिच्या घशावर जास्त विश्वास ठेवला. बदललं ते बाहेर. टोळीतल्या मुलांचे स्वॅब घेणं, एरिथ्रोमायसिन देणं, लस देणं हे सगळं शुक्रवारी सुरू होणार होतं. ते शनिवारवर गेलं, आणि शनिवारी ‘निगेटिव्ह’ पोचल्यावर थांबलं. संशयित घटसर्पात हे काम एलेकसाठी थांबवायचं नसतं, असं कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत सापडेल. थांबवणाऱ्यांनी रिपोर्टमधला तेवढाच शब्द वाचला. पण तो शब्द लिहिला होता मी.

मुलीची आई मला वॉर्डात भेटली. ‘‘बाई, पाणी पाजलं की नाकावाटं येतंय बघा,’’ म्हणाली. टाळूच्या नसांपर्यंत विष पोचलं होतं. ते हळूहळू भरून येतं, तसं तिला सांगितलं. लसीचं कार्ड तिने पिशवीतून काढून दाखवलं. सहाव्या आठवड्याचा डोस गावाकडे झालेला, त्यापुढचे रकाने कोरे. पुढच्या प्रत्येक डोसच्या वेळी ती कुठल्या ना कुठल्या फडात होती. घटसर्प होऊन गेला तरी खात्रीची प्रतिकारशक्ती येत नाही, म्हणून बरी झाल्यावरही लस द्यावी लागेल हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘‘एवढं सोसलं, तरी बी?’’

मुलगी तिसऱ्या आठवड्यानंतर घरी गेली. घरी म्हणजे कोपीत.

आता नोंदवहीत ‘थोडंसं’वाल्या कंट्रोलसाठी वेगळा रकाना आहे, मी पट्टीने आखलेला. त्याची रेघ नसेल तर प्लेट बाद, रिपोर्ट नाही. कॉइल मार्चमध्ये आली.

टोळी त्या निगेटिव्ह रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी, रविवारीच, दुसऱ्या तालुक्यात गेली होती. मुकादमाचा फोन लागायला आणि पथक पोचायला गुरुवार उजाडला. मुलीच्या चार वर्षांच्या भावाला काहीच होत नव्हतं, पण त्याच्या घशातून तोच जंतू वाढला. नव्या पाण्याच्या प्लेटवर २४ तासांत रेघ आली. रविवारी तो बाकीच्या १८ मुलांबरोबर ट्रॅक्टरच्या एकाच ट्रॉलीत, एकाच गोधडीखाली बसून पुढच्या फडाला गेला होता.