माघातली पानगळ आणि रामटेकमागची टेकाडं

विदर्भात वाट सोडून डोंगरात शिरायचं तर वर्षातले तीन-चार आठवडेच कामाचे, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात रान इतकं माजतं की पुढे चालणारा माणूस दोन हातांवरून दिसेनासा होतो. मार्च अर्धा सरला की ऊन उभं जाळतं. मधला हा माघाचा शेवट मात्र सोन्यासारखा: साग बोडका झालेला, गवत वाळून आडवं पडलेलं, सकाळी स्वेटर अन् दुपारी टोपी.

पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तसं पायी हिंडायची सोय नाही, म्हणून रामटेकच्या मागची टेकाडं धरली. सोबत पुण्याहून आलेला मावसभाऊ. त्याचा अर्धा सह्याद्री पालथा घालून झालेला, त्यामुळे रामटेकचा डोंगर गावापासून पाचशे फूट उंच, हे ऐकून त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. आदल्या दिवशी वनखात्याच्या माणसाला विचारून ठेवलं होतं. "जा, पण बिडी-काडी बिलकुल नाही," एवढीच त्याची अट. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम धरतात, त्यामुळे अट रास्तच होती.

नागपूरहून रामटेक साधारण 50 किलोमीटर. कामठी, कन्हान, मग मनसरला जबलपूरचा रस्ता सोडून उजवीकडे. वाटेत तर्री-पोहे झाले. तर्री भावाला झेपली नाही, तो विषय इथेच सोडतो.

अंबाळा तलावापाशी गाडी लावली. इथून जुन्या दगडी पायऱ्या थेट गडमंदिरावर जातात. आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवून झाडीत शिरलो, तेवढ्यात गुरं घेऊन निघालेल्या एका गायकीने हटकलं.

"मंदिराची वाट तिकडं हाय जी."

"मंदिरात नाही काका, वर टेकाडावर जायचंय."

"कायले? झाडाले पान बी नाही राह्यलं आता."

पान नाही म्हणूनच जातोय, हे त्यांना पटवणं कठीण होतं. पण त्यांनी एक ढोरवाट दाखवली अन् ती जिथे संपेल तिथून "नाकासमोर" जायला सांगितलं. ढोरवाट पंधरा मिनिटांत संपली.

पुढे नुसता साग. वाळलेल्या सागाच्या पानावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि इथे तर घोट्यापर्यंत थर. लपतछपत काही बघायची आशा तिथेच सोडली. आमची चाहूल लागून वानरांची टोळी खेकसत पार पलीकडच्या सोंडेवर गेली. एक पान उचलून उजेडात धरलं. अळीने मधला गर तेवढा खाल्लेला, शिरा जशाच्या तशा शिल्लक. अशी जाळीदार पानं पाऊलभर जागेत दहा-बारा सापडली. सागाचा हा नेहमीचा रोग आहे, वन विभागाची डोकेदुखी. पण जाळी इतकी नाजूक की भावाने दोन पानं वहीत ठेवलीच.

चढ मोठा नाही, पण पाय सटकतो, कारण पानांखाली सुटे दगड. आणि दगडही आपल्या ओळखीचा नव्हे. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची, सह्याद्रीही तोच. दख्खनचा तो काळा पाषाण नागपूरच्या आसपास संपतो. रामटेकला क्वार्टझाइट नावाचा खडक लागतो: पांढुरका, कुठे गुलाबी, काठीने ठोकला तर खणखणतो. या पट्ट्यातले खडक त्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुने, उष्णता अन् दाबाने रूपांतर झालेले. मनसरचं मँगनीज याच खडकांतलं. वरून खाणीची उकरलेली माती दिसते, ती ओळखायला फार वेळ लागत नाही.

खरी गंमत माथ्याची. सह्याद्रीत वर गेलं की सपाटी लागते, वारा लागतो, माथा आला हे पायांना कळतं. इथे झाडी थेट डोक्यापर्यंत. पहिल्या टेकाडावर आम्ही मोबाइलमध्ये बघून ठरवलं की हाच माथा, तर पलीकडे अजून एक उंचवटा निघाला. झाडं मात्र बदलली होती. वर माती पातळ, तिथे साग मागे पडतो आणि सालई, धावडा येतो. मधेच एक कुलूचं झाड, बुंधा पांढरा, कागदासारखी साल सुटलेली, एकही पान नाही. सालईच्या खोडावर डिंक ओघळला होता. त्याचा वास धुपाचा. भावाने बोट लावलं, ते दिवसभर चिकटत राहिलं.

दुसऱ्या टेकाडावर फांद्यांच्या जाळीतून एका बाजूला खिंडसी तलावाचं पाणी लकाकलं, दुसऱ्या बाजूला गडमंदिराची पांढरी शिखरं. पावसाळ्यात याच जागेवरून हात पुढे केला तरी दिसत नसेल. संशोधक वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मांडलं. तिथल्या दाट सावलीचं वर्णन कवीने केलंय. यक्ष आषाढात ढगाशी बोलला ते बरं झालं. माघात सावलीला त्याला आमच्यासारखंच दगडाआड बसावं लागलं असतं. तिथेच सांबारवडी (आपली कोथिंबिरीची) खाल्ली, वर मृग बहाराची संत्री. सालं पिशवीत भरून परत आणली.

उतरताना मी नाल्याची बाजू धरली, भावाने वेलींची. त्या वेलींवर सोनेरी मखमली शेंगा लटकल्या होत्या. मी "हात नको लावू" म्हणेपर्यंत त्याने एक शेंग बाजूला सारलीच. खाजकुईली! दोन मिनिटांत मनगट लाल अन् तोंडात अस्सल पुणेरी शिव्या. जितकं खाजवावं तितकी शेंगेवरची कूस, म्हणजे बारीक लव, पसरत जाते, पण ऐकतो कोण.

खाली गायकी काका भेटले. हात बघून त्यांनी काहीच विचारलं नाही, गाईमागे वाकून ओलं शेण उचललं आणि म्हणाले, "चोळा जी, अन् वाळू द्या. वाळल्यावर खरवडा, कूस त्याच्यासंगं निघते." भाऊ अंबाळ्याच्या पायरीवर कोपरापर्यंत शेण थापून अर्धा तास बसला. दर्शनाला आलेल्या एका आजींनी त्याला कसलं व्रत आहे म्हणून विचारलंही.