रूम टोनमधले सहा सेकंद

रात्रीचा दीड वाजून गेलाय. माहितीपटाच्या एडिटिंगची टाइमलाइन बंद केली, तरी मुलाखतीतला आजींचा तो शॉट काही डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलाखत झाली की साउंडवाला सगळ्यांना गप्प करतो आणि त्या खोलीतली नुसती शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करतो. बोलणं कापल्यावर मध्ये जी भोकं पडतात, ती याच रूम टोनने बुजवायची. तिथे काहीच नसेल तर पंख्याची घरघर मध्येच थांबते आणि कानाला लगेच कळतं. कॅमेरा बहुधा चालूच राहतो. आजी तेव्हा खाली बघत होत्या, अंगठ्याने तर्जनीचं नख चोळत. "झालं का?" एवढंच त्यांच्या मनात असणार.

हा शॉट मी "त्या दिवशी तुम्ही घरी का नव्हता?" या प्रश्नानंतर लावला. प्रश्न, सहा सेकंद चेहरा, मग उत्तर. खरं तर आजी पाव सेकंदही थांबल्या नव्हत्या. आता त्या अपराधी दिसतात.

का लावला? सीन थंड आहे, हे किती वेळा ऐकायचं? इतके महिने घासायचं आणि शेवटी... जाऊ दे.

मांडून चित्रित करणं मला पाप वाटत नाही. 1936 च्या 'नाइट मेल' या टपालगाडीवरच्या माहितीपटात पत्रं लावण्याचा रेल्वेचा डबा स्टुडिओत उभारला होता. माणसं मात्र खरे टपाल कर्मचारी, गाडी चालल्यासारखी झुलणारी. ते काम ते रोज करतच होते. 'नानूक ऑफ द नॉर्थ' या इनुइट लोकांवरच्या माहितीपटात, 1922 साली, कॅमेरा आणि उजेड आत यावा म्हणून इग्लू मोठं बांधून अर्धं उघडं ठेवलं, तेही मी समजू शकते. पण बंदुका हातात आलेल्या माणसांकडून भाल्याने वॉलरसची शिकार करवून घेतली, तिथे मी अडते. ते लोक कोणत्या काळात जगतात, हेच त्या शिकारीने बदललं.

आणि मी? मी तर काहीच मांडलं नाही. चेहरा खरा, प्रश्न खरा, उत्तरही खरं. फक्त जागा बदलली. म्हणून तर कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि म्हणूनच झोप येत नाही.

उत्तरातलं एक वाक्य कापलंय, तो सांधा झाकायला कटअवे, म्हणजे वर टाकायचा दुसरा शॉट, हवाच होता. त्याच उत्तरातला हातांचा शॉट चालला असता, तो नसेल तर सरळ जंप कट, म्हणजे उडी दिसणारा कट, ठेवायचा. उडी दिसली की इथे काहीतरी काढलंय हे निदान बघणाऱ्याला कळतं. शिवाय तो सांधा उत्तराच्या मधला होता. चेहरा मी उत्तराच्या आधी ठेवला, म्हणजे तो झाकण्यासाठी नव्हताच. हे कबूल करायला मला दोन तास लागले.

परत उठून बसले. शॉट काढला. रूम टोनच्या क्लिपा वेगळ्या बिनमध्ये, म्हणजे फोल्डरमध्ये, टाकल्या, चित्र काढून, नुसता आवाज ठेवून. पुन्हा हात जायला नको. आता आजी प्रश्न संपायच्या आतच बोलायला लागतात, जरा चिडूनच. पुढे एक उडी आहे, त्या सांध्याखाली पंखा तेवढा अखंड चालू. सीन अजूनही थंड आहे. असू दे. एडिट लॉक, म्हणजे पक्कं, करण्याआधी आजींना शेजारी बसवून दाखवायचाय, आणि हा मला त्यांच्याकडे बघत दाखवता येईल.